पाहुणी माउली

दिवाळीच्या तोंडावर घराची झाडझूड निघाली, की भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात आणि घराचा इतिहास उघडा पडतो. आजोबांच्या पिढीतले रामपंचायतन, शेषशायी विष्णू आणि एखादे लोकमान्य. वडिलांच्या पिढीत दलालांचे किंवा मुळगावकरांचे कॅलेंडरवरचे चित्र, वर्ष संपल्यावर तारखा कापून टाकून काचेत बसवलेले. आणि आमच्या पिढीत, वास्तुशास्त्राच्या कृपेने, उधळलेले सात घोडे! मराठी मध्यमवर्गाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास कुणाला लिहायचा असेल, तर त्याने ग्रंथालयात जाऊ नये. तसबिरींच्या मागची धूळ झटकावी.

या भिंतींवर अलीकडे एक नवी पाहुणी आली आहे. तिच्या अंगावर निळी शाल आहे, मांडीवर गुटगुटीत बाळ आहे. ती इटलीतली आहे, पाचशे वर्षांची आहे, आणि आमच्या संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावी, पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या नव्या सदनिकांत, सोफ्याच्या वरच्या मोकळ्या भिंतीवर ती येऊन राहिली आहे. पेठेतल्या माझ्या परिचयाच्या तसबीरवाल्याकडे मी परवा सहज चौकशी केली. कापडावर छापलेली विलायती चित्रे मुले-मुली घरबसल्या फोनवरून मागवतात आणि चौकटीत बसवायला त्याच्याकडे आणतात. तो म्हणाला, "सर, सगळ्यांत जास्त येतात ती दोन पंखवाली पोरं. लहान मुलांच्या खोलीत लावायला. त्याखालोखाल ते जेवणाचं चित्र."

पंखवाली पोरे कोणाची आणि जेवण कसले, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि त्याच्या गिऱ्हाइकांनाही. पाहुणा घरात आला, भिंतीवर बसला, पण त्याचे नावगाव कुणी विचारले नाही, असा हा प्रकार. ते नावगाव सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

पंखवाली पोरे

हनुवटीला हात लावून वर पाहणारे, किंचित कंटाळलेले हे दोन बाळदेवदूत स्वतंत्र चित्र नव्हेतच. राफाएल या इटालियन चित्रकाराच्या एका प्रचंड चित्राच्या अगदी तळाशी, कठड्यावर कोपरे टेकून ते उभे आहेत. पोप दुसरा ज्यूलियस याने १५१२ साली पिआचेन्झा गावच्या संत सिक्स्टस यांच्या देवळासाठी ते चित्र सांगितले. म्हणून त्याला 'सिस्टाइन मॅडोना' म्हणतात. मूळ चित्र साडेआठ फुटांहून उंच आहे. हिरवे पडदे दोहों बाजूंना सरकले आहेत आणि ढगांवरून मेरीमाता बाळाला घेऊन पुढे येत आहे. तिच्या चेहऱ्यावर हसू नाही. बाळाचे डोळेही भ्यायल्यासारखे विस्फारलेले आहेत. आपल्या पोराचे पुढे काय होणार हे जिला कळले आहे, आणि तरी जी त्याला जगाच्या स्वाधीन करायला निघाली आहे, अशी ती आई आहे. तिच्या पायाशी ही दोन पोरे आहेत.

१७५४ साली सॅक्सनीच्या अधिपतीने हे चित्र विकत घेऊन ड्रेस्डेनला नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते रशियनांनी मॉस्कोला नेले आणि १९५५ साली परत केले. आज ते ड्रेस्डेनलाच आहे. एवढ्या राजा-महाराजांतून आणि युद्धांतून ते सुखरूप राहिले. पण छापखान्याची कात्री त्याला लागली. खालची पोरे कापून घेतली गेली आणि चॉकलेटच्या डब्यांवर, छत्र्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर जाऊन बसली. ती वर पाहतात ते काय पाहतात, हा प्रश्न मग उरलाच नाही. विठोबाच्या चित्रातून विठोबा काढून टाकावा आणि नुसती वीट चौकटीत बसवावी, तसे हे झाले. वीट सुंदर असेल. पण ती कशासाठी आहे?

राफाएलचेच दुसरे चित्र लोकांना फार आवडते. ते वाटोळे आहे. खुर्चीत बसलेली आई बाळाला छातीशी घट्ट धरून आपल्याकडे पाहते. १५१३-१४ च्या सुमारास काढलेले हे चित्र फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात आहे. तिथे मात्र भयाचा मागमूस नाही. तिच्या खांद्यावरची पट्ट्यापट्ट्यांची शाल, डोक्याचे फडके, बाळाचे दुमडलेले पाय. कुणीही म्हणावे, ही आपल्या ओळखीची बाई आहे. प्रबोधनकाळाच्या इटालियन चित्रकारांनी मोठे काम केले ते हेच. त्यांच्या आधीच्या काळातली देवमाता सोनेरी पार्श्वभूमीवर ताठ बसलेली असे. यांनी तिला शेजारच्या घरात आणून बसवले.

निळ्या शालीचीही एक कथा आहे. तो निळा रंग लाजवर्द नावाच्या दगडाची पूड करून बनवीत, आणि तो दगड येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. समुद्रापलीकडून येतो म्हणून त्याचे नावच 'अल्ट्रामरीन' पडले. तो इतका महाग असे की चित्राच्या करारनाम्यातच कोणत्या प्रतीचा निळा वापरावयाचा हे लिहून घेत. मेरीच्या अंगावर निळी शाल आली त्यात भक्ती होती आणि भक्ताची ऐपतही होती. आपल्याकडे देवीला शालू नेसवतात तसेच.

जेवणाच्या खोलीतले जेवण

आता त्या जेवणाच्या चित्राकडे वळू. माझ्या एका निवृत्त स्नेह्यांच्या घरी ते पुण्याहून मुलाने पाठवले. चांगले पाच फूट लांब. 'बाबा, डायनिंग टेबलाच्या वर लावा, शोभेल,' असा निरोप. लावलेही. एके दिवशी चहाला बोलावून त्यांनी मला विचारले, "सर, एवढी माणसं जेवायला बसलीत, पण जेवत कुणीच नाही. भांडण झालंय का?"

त्यांनी नेमके ओळखले होते. मिलानच्या एका मठात लिओनार्दो दा विंचीने १४९५ ते १४९८ या काळात काढलेले हे 'शेवटचे भोजन'. येशू आपल्या बारा शिष्यांसह बसला आहे आणि तुमच्यातलाच एक जण मला शत्रूच्या हाती देणार आहे, असे त्याने नुकतेच सांगितले आहे. त्या एका वाक्याचा धक्का टेबलाच्या दोन्ही टोकांपर्यंत लाटेसारखा जातो आहे. कुणी उठला आहे, कुणी छातीला हात लावून 'मी तर नव्हे?' म्हणतो आहे, आणि एक जण पैशांची थैली मुठीत आवळून मागे सरकला आहे. दुसऱ्या दिवशी यजमान क्रुसावर जाणार आहे.

हे सांगितल्यावर स्नेही गप्प झाले. वहिनी मात्र स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "म्हणजे रामाच्या वनवासाच्या आदल्या रात्रीसारखंच की हो हे! आणि याच्या पुढ्यात आम्ही पापड मोडतोय!"

मी त्यांना सांगितले, की वहिनी, मूळ चित्रही जेवणघरातच आहे. मठातल्या साधूंच्या भोजनगृहाच्या भिंतीवर, सुमारे पंधरा फूट उंच आणि जवळजवळ एकोणतीस फूट लांब. साधू खाली जेवत, वर येशू शिष्यांसह बसलेला असे.

"ते जेवताना बोलत होते?" वहिनींनी विचारले.

"नाही. जेवताना मौन असे. एक जण धर्मग्रंथ वाची, बाकीचे ऐकत."

"मग त्यांचं ठीक होतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जेवताना टीव्ही असतो. देव कुणाचाही असो, त्याचा असा प्रसंग खरकट्या हातांपाशी नको." आणि चित्र त्याच दिवशी बैठकीत गेले. कलासमीक्षेची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. 'चित्र कुठे लावावे' या विषयावर इतका नेमका निवाडा कुठे वाचल्याचे आठवत नाही.

त्या मूळ चित्राची दैना ऐकण्यासारखी आहे. लिओनार्दोने ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवण्याची रूढ पद्धत सोडून कोरड्या भिंतीवर सावकाश रंगवले. त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले. १६५२ साली तिथे दार पाडले, त्यात येशूचे पाय गेले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बाँब पडून भोजनगृहाचे छप्पर उडाले. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ती भिंत तेवढी उभी राहिली. मग १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे तिची डागडुजी चालली. आज थोड्याथोड्या माणसांना पंधरा मिनिटांपुरते आत सोडतात. तेव्हा आपल्या बाजारात मिळणारे लखलखीत, पायांसकट 'शेवटचे भोजन' हे लिओनार्दोच्या हातचे नव्हे, त्याच्या काळाजवळच्या एखाद्या जुन्या नकलेवरून किंवा नंतरच्या कुणा चित्रकाराच्या कल्पनेवरून केलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

गोव्याहून आग्र्याला, इटलीहून मळवलीला

ही पाहुणी आपल्याकडे आज फोनवरून आली असे वाटते. पण तिची पहिली फेरी साडेचारशे वर्षांपूर्वीची आहे. १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला गेले. त्यांनी अँटवर्पला छापलेले आठ खंडांचे बायबल आणि मेरीमातेची चित्रे नेली. बादशहाने ती आदराने पाहिली आणि दरबारच्या चितेऱ्यांनी त्यांच्या नकला केल्या. पुढे जहांगीरच्या काळात मोगल महालांच्या भिंतींवर मेरी आणि येशू दिसू लागले. तेव्हा 'घरसजावटीसाठी प्रबोधनकाळातली धार्मिक चित्रे' हा छंद आपल्या देशात प्रथम कुणाला लागला असेल, तर तो मोगल बादशहांना!

दुसरी फेरी शिळाछापाची. छापायच्या प्रत्येक रंगासाठी वेगळा गुळगुळीत दगड, एकाच चित्रासाठी असे अनेक दगड, आणि एकावर एक छाप अचूक बसवण्याची करामत. वरून रोगण चढवले की कागद तैलचित्रासारखा दिसे. म्हणून त्याला ओलिओग्राफ म्हणत. युरोपात या तंत्राने एकोणिसाव्या शतकात राफाएलच्या माता घरोघर पोचवल्या. आपल्याकडे पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली. आणि राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. जर्मन यंत्रे, जर्मन कारागीर आणि आमची लक्ष्मी-सरस्वती! ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू देत नव्हते, त्यांच्याही घरी त्या कागदाने देव नेऊन पोचवला. घरातल्या बायकांनी लक्ष्मीच्या लुगड्यावर जरी आणि टिकल्या चिकटवल्या आणि तिला आपली केली.

रविवर्म्याची यशोदा आणि कृष्ण एकदा मन लावून पाहा. बाळाच्या अंगाची गोलाई, आईच्या चेहऱ्यावर पडलेला प्रकाश, वस्त्राच्या चुण्या. हे सारे शिक्षण युरोपीय तैलचित्रांचे आहे. म्हणजे राफाएलची आई आपल्या आजोबांच्या भिंतीवर आधीच येऊन गेलेली आहे. फक्त ती तेव्हा नऊवारी नेसून आली होती, म्हणून आपण तिला ओळखले नाही.

याच छापखान्यात काम केलेला एक तरुण पुढे मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहायला गेला आणि पडद्यावर येशू पाहता पाहता त्याला आपले राम-कृष्ण दिसू लागले. ते दादासाहेब फाळके. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या दर्शनातून जन्माला आला. परक्या देवाचे चित्र नीट पाहिले तर आपला देव अधिक ठळक दिसतो, याचा यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

'ही आमची नव्हे'

आमच्या नगर जिल्ह्यात मात्र या चित्रांना केवळ शोभेचे म्हणून भागत नाही. कारण ती ज्यांची दैवते आहेत ते आमच्या शेजारीच राहतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून आहे. कवी ना. वा. टिळकांचे आणि लक्ष्मीबाईंचे नगर तेच. टिळकांनी तर खुद्द ख्रिस्तालाच माय आणि गुरू मानले. प्रॉटेस्टंट घरांत बहुधा क्रूस आणि बायबलातले वचन भिंतीवर असते. कॅथलिक घरांत मेरीमाता असते. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरात तिची मोठी यात्रा भरते. तिथे लोक तिला 'मतमाउली' म्हणतात. आणि तिथून फार लांब नसलेल्या नेवाशाला, शके १२१२ मध्ये, ज्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली त्यांनाही आपण माउलीच म्हणतो. एका जिल्ह्याने एका शब्दात दोघांना बसवले आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. घर कॅथलिक, आजी जुन्या वळणाची. त्यांच्या घरची मेरीमातेची तसबीर उन्हाने विटून सगळी निळी पडली होती. छापील चित्रातला तांबडा आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो; आपल्या पेठेतल्या दुकानांच्या दर्शनी काचेत ठेवलेली जुनी चित्रे म्हणूनच निळी दिसतात. नातीने पहिल्या पगारातून नवे चित्र आणले. चांगले, कापडावर छापलेले, राफाएलचे. आजीने ते हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि परत दिले.

"बाई, चांगली आहे," आजी म्हणाली, "पण ही आमची नव्हे. हिला माझं काही ठाऊक नाही."

जुन्या चित्राची कलादृष्ट्या किंमत काय होती? कुठल्याशा साध्या छापखान्यातला स्वस्त कागद. पण त्या कागदासमोर एका नवऱ्याचे आजारपण, एका मुलाचे जाणे आणि दोन मुलींची लग्ने एवढे सारे बोलून झाले होते. नातीने मला विचारले, "सर, चुकलं का माझं?" मी म्हटले, "मुळीच नाही. तू चित्र आणलंस. आजींना त्यांची माणूस हवी होती." अखेर जुनी तसबीर नव्या काचेत बसवून जागच्या जागी गेली, आणि राफाएलची आई नातीच्या अभ्यासाच्या खोलीत. दोघी आता एका घरात नांदतात.

याच प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला एक चित्रकार आपल्या पुण्यात होऊन गेला: आंजेलो द फॉन्सेका. गोव्यात १९०२ साली जन्मलेला, अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेला. त्याने मेरीमातेला साडी नेसवली, भारतीय चेहरा दिला. गोव्यातल्या अनेक भाविकांना ते रुचले नाही. ही कसली देवमाता, असे ते म्हणाले. तो पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत तशीच चित्रे काढीत राहिला. त्याची पुष्कळ चित्रे आता गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपली आहेत. मौज पाहा, की इटालियन चित्रकाराने पॅलेस्टाइनच्या बाईला इटालियन केले ते जगाने डोक्यावर घेतले; गोव्याच्या चित्रकाराने तिला हिंदी केले ते मात्र खटकले! पण मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापले तेव्हा हेच केले होते. त्याने येशूची कथा मराठी ओवीत बसवली. चित्राला साडी आणि कथेला ओवी, बात एकच.

तर मग काय करावे?

माझ्या घरी हा प्रश्न निघाला तेव्हा आमच्या आईने विचारले, "अरे, दुसऱ्यांचा देव आपल्या बैठकीत चालेल का?" मला वाटते, चालेल, पण पाहुण्यासारखा, सामानासारखा नव्हे. म्हणजे चार साध्या गोष्टी पाळाव्यात.

एक, शक्यतो अख्खे चित्र घ्यावे, कापलेला तुकडा नव्हे. दोन, चित्र मूळचे कोणाचे, कोणत्या साली काढलेले आणि आज कुठे आहे हे विचारून घ्यावे आणि तसबिरीच्या पाठीवर लिहून ठेवावे. रंगांच्या बाबतीतही डोळे उघडे असावेत. मायकेलअँजेलोने रंगवलेले व्हॅटिकनच्या सिस्टाइन प्रार्थनागृहाचे छत १९८० नंतर धुऊन काढले तेव्हा काजळी आणि जुन्या सरसाखालून गुलाबी, हिरवे, नारिंगी रंग निघाले. बाजारात अजून त्याच्या जुन्या, तपकिरी प्रतीही मिळतात. तीन, कापडावरची चांगली छपाई असली तरी समोरून ऊन घेऊ नये. कागदी प्रत असेल तर काच चित्राला चिकटू न देता मध्ये माऊंटची पट्टी घालावी, आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून तसबिरीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून थोडी फट ठेवावी. चार, जागा विचारपूर्वक निवडावी. चपलांच्या मांडणीवर, न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा बारमध्ये आपण आपली अंबाबाई लावणार नाही. मग दुसऱ्याची आईही लावू नये.

आमच्या आईने हे ऐकून घेतले आणि आणखी एक अट घातली: त्या धर्माचे कुणी आपल्या घरी आले आणि त्याने ते चित्र पाहिले, तर त्याला ओशाळे वाटू नये, बरे वाटावे. चारही नियम या एका अटीत मावतात. खुर्चीतली ती इटालियन आई आता आमच्या बैठकीत आहे. पाठीवर राफाएलचे नाव, साल आणि फ्लॉरेन्सचा पत्ता माझ्या मुलीच्या अक्षरात लिहिलेला आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई सगळ्या तसबिरींवरून हात फिरवते, तेव्हा हिच्यावरूनही फिरवते. कुंकू लावत नाही. "तिच्याकडे लावत नसतील," म्हणते.